पंपाला हात शेवटी

हंगाम तोंडावर आला की जुन्नर-आंबेगाव भागातल्या गॅरेजांसमोर पिकअपांची रांग लागते. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात टाकायचे, नाहीतर रातोरात माळशेज उतरून कल्याण-वाशी गाठायची. गाडी वाटेत बसली तर माल हौद्यातच नासतो. तक्रार सगळ्यांची साधारण एकच असते, "ओढ राहिली नाही." उपायही घरूनच ठरवून आणलेला असतो, "मिस्त्री, पंपाला जरा डिझेल वाढवा."

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पंपाला हात सगळ्यात शेवटी. आधी हवा, मग डिझेलची वाट, मग टॅपेट, पट्टा, आणि इंजिनाबाहेरच्या चार गोष्टी. या क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा पंपापर्यंत जायची वेळच येत नाही.

*

डोळ्यांसमोर गाडी आहे ती बोलेरो पिकअप, २००७ च्या आसपासची. डीआय इंजिन, चार सिलिंडर, २५२३ सीसी, मेकॅनिकल पंप. टाटा २०७ असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. त्यानंतरच्या कॉमन रेल गाड्या वेगळ्या. तिथे पान्याआधी स्कॅनर लागतो, आणि उन्हात पोत्यावर बसून करण्यासारखं काम फिल्टर-ऑइलच्या पुढे फारसं उरत नाही.

*

'ट्यूनिंग' म्हटलं की जुनी माणसं अजून पेट्रोल जीपच्या काळात जातात. विलीजच्या सीजे-३बीचं ट्यूनिंग म्हणजे प्लग काढून घासायचे, पॉइंटवर पॉलिश पेपर मारायचा, कंडेन्सर बदलायचा, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुवायचा आणि डिस्ट्रिब्युटर बोटभर फिरवून टाइमिंग लावायचं. डिझेलला यातलं काहीच नाही. ठिणगी नाही, म्हणून ठिणगीची उस्तवारीही नाही. सिलिंडरमधली हवा साधारण अठरावा हिस्सा होईपर्यंत दाबली जाते, तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं.

म्हणजे इंजिनाची मागणी तीनच गोष्टींची. पुरेशी हवा, नीट दाब, आणि वेळेवर बारीक फवारा. ओढ गेली तर या तिघांपैकी कोणीतरी कमी पडतंय. यात डिझेल 'कमी' पडण्याची शक्यता सगळ्यात कमी, आणि आपण हात घालतो तो नेमका तिथेच.

*

धुराचा रंग बघायला पैसे पडत नाहीत.

काळा धूर: डिझेल आहे, पण जळायला हवा पुरत नाही. एअर फिल्टर तुंबलाय, नोझल गळतंय, किंवा कोणीतरी आधीच डिझेल 'वाढवून' ठेवलंय.

पांढरा धूर: डिझेल न जळता बाहेर पडतंय. थंडीत सकाळी दोन मिनिटं आला तर चालतं. गरम झाल्यावरही येत राहिला तर टाइमिंग, दाब किंवा नोझल बघायचं. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केट.

निळा धूर: ऑइल जळतंय. हे ट्यूनिंगने जात नाही. मिस्त्री "करून देतो" म्हणाला तरी जात नाही.

*

एअर फिल्टर. उन्हाळ्यात शेतरस्त्याने फिरणारी गाडी असेल तर किलोमीटर मोजत बसू नये, फिल्टर काढून बघावा. कागदी एलिमेंट उन्हाकडे धरायचा आणि आतून बघायचं. उजेड दिसला तर ठीक. माती बसून कागद तपकिरी ठोकळा झाला असेल तर तो झटकून, आपटून चालू करण्यात अर्थ नाही. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने आणि लांबून. पंक्चरवाल्याच्या नळीने बाहेरून फुल्ल हवा मारली की धूळ कागदात आणखी रुतते, आणि एखादं भोक पडलं तर पुढची सगळी माती थेट सिलिंडरच्या भिंतीवर जाते. कागदी फिल्टर धुवायचा तर अजिबात नाही.

घमेल्यात ऑइल असलेला जुन्या धाटणीचा एअर क्लीनर असेल तर गोष्ट वेगळी. तो धुवायचाच असतो. तळाचा गाळ खरवडायचा, जाळी डिझेलमध्ये खंगाळून वाळवायची आणि नवं ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होजही हाताने चाचपून बघावा. खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही, तिथेच तो चिरतो. फिल्टर नवा कोरा आणि होज फाटका, अशा गाड्या कमी नाहीत.

*

डिझेलची वाट टाकीपासून सुरू होते. टाकी, पाणी वेगळं करणारी वाटी, फीड पंप, फिल्टर, पंप, नोझल. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढायचं आणि बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवायची. पाणी असेल तर खाली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा तरी व्हावं.

रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. इनलाइन पंपाचा कॅमशाफ्ट तरी ऑइलमध्ये फिरतो, रोटरीला तीही सोय नाही. त्यामुळे पाणी आणि भेसळ यांचा मार सगळ्यात आधी पंपाला बसतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो भेसळ ओळखू यावी म्हणूनच. तरी "चार लिटर घातलं तर काय होतंय" म्हणणारे भेटतात. रॉकेलला डिझेलइतका ओशटपणा नसतो. वाचलेले पैसे पंपवाला व्याजासकट घेऊन जातो.

दुसऱ्या टोकाचा सल्ला असा की २०२० पासूनचं नवं डिझेल 'कोरडं' आहे, म्हणून टाकीत टू-टी ऑइल घालावं. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमपर्यंत खाली आलं हे खरं. आधी ते पन्नास होतं. पण वंगणक्षमतेची अट डिझेलच्या मानकातच आहे, आणि ती पुरी करण्याचं काम रिफायनरीचं. आपण वरून काही ओतायची गरज नाही.

*

डिझेल फिल्टर बदलला की वाटेत हवा शिरते. ती न काढता नुसता स्टार्टर मारत बसलं की बॅटरी बसते आणि गाडी "नवीन फिल्टर टाकल्यावर बिघडली" असं होतं. करायचं एवढंच: फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दीड-दोन आटे सैल करायचा आणि हँड पंप मारत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग बुडबुडे तुटक होतात, आणि शेवटी अखंड धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. त्यानंतर हँड पंप एकदम कडक लागतो. कडक लागला नाही तर कुठेतरी अजून हवा आहे, किंवा ओढणाऱ्या बाजूची एखादी नळी हवा घेतेय. ही चोरवाट बाहेरून दिसत नाही, कारण तिथून डिझेल गळत नाही, हवा आत जाते. रात्रभर उभी गाडी सकाळी उशिरा चालू होते, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

तांब्याचे वायसर दर वेळी नवे. जुनाच वायसर उलटा करून घालण्यात जे वाचतं त्यात चहासुद्धा येत नाही.

*

"मायकोचा पंप", "मायकोचं नोझल". गॅरेजात अजून हेच ऐकू येतं. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ मध्ये सुरू झाली, बंगळूरला. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण मिस्त्र्यांपर्यंत ते पुरतं पोचलेलं नाही. नोझल-इंजेक्टरचा कारखाना नाशिकला, आणि महिंद्राचा इंजिनांचा इगतपुरीला, कसारा घाट चढून वर आलं की लगेच.

रुडॉल्फ डीझेलचं इंजिन ऑग्सबर्गला १८९७ मध्ये नीट चाललं. पण ते डिझेल आत ढकलायला दाबलेली हवा वापरायचं, त्यासाठी वेगळा कंप्रेसर लागायचा, आणि एवढं धूड लहान गाडीत बसणं शक्य नव्हतं. बॉशने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि मग डिझेल रस्त्यावर आलं. पंप हा या गाडीतला सगळ्यात नेमका घडवलेला भाग आहे. त्याच्यावर शिशाचं सील आणि तार उगीच लावलेली नसते.

*

टॅपेट. ज्या कामाला वेळ लागतो आणि ज्याचे पैसे मालक कुरकुरत देतो, म्हणून जे सर्रास टाळलं जातं, ते हे.

वाजणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो. खरा घातक असतो न वाजणारा. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. एक दिवस गॅप उरतच नाही. मग गरम इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, बैठकीला टेकून थंड होण्याची त्याची संधी जाते, आणि त्याची कड जळते. गाडी मात्र या काळात फार 'स्मूथ' वाजते. मालक खूश असतो.

पद्धत जुनीच. स्टॉपची वायर ओढून ठेवायची, म्हणजे इंजिन फिरवताना चुकून पेटायला नको. टॅपेट कव्हर काढायचं. क्रँक पुलीच्या बोल्टला मोठा गोटी पाना लावून इंजिन फिरवायचं, किंवा चौथ्या गिअरमध्ये टाकून एकाने गाडी हळूच ढकलायची. फायरिंगचा क्रम १-३-४-२. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलायला लागले, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. ते लावून घ्यायचे. मग दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचे लावायचे, पहिल्याचे हलले की चौथ्याचे, तिसऱ्याचे हलले की दुसऱ्याचे. बेरीज पाच, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

फिलर गेजचं पातं रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधून सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे. पातं अडकायला नको आणि सुळकन निसटायलाही नको. चेकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत पातं घालून बघायचं. किती गॅप, आणि तो थंड इंजिनावर की गरम, हे गाडीच्या पुस्तकातून घ्यायचं. "सगळ्यांना एकच माप" म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

कव्हर बसवताना पॅकिंग नवं. नाहीतर आठवड्यात ऑइल एक्झॉस्टवर झिरपतं आणि केबिनमध्ये जळका वास येतो.

*

कुठला सिलिंडर कामचुकार आहे हे शोधायची सोपी युक्ती. गाडी आयडलला चालू ठेवायची आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट पाऊण आटा सैल करायचा. इंजिन लगेच लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दुखणं तिथेच आहे. नटावर जाड कापड धरायचं आणि बोटं लांब ठेवायची. डिझेल तिथे दीड-दोनशे वातावरणांच्या दाबाने येतं आणि कातडीच्या आत घुसतं. तशी जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण आतला भाग सडतो. घरगुती मलम न लावता थेट दवाखाना गाठायचा. कॉमन रेल गाडीवर ही युक्ती करायचीच नाही, तिथे दाब कैक पटींनी जास्त असतो.

सापडलेलं नोझल काढून पंपवाल्याकडे न्यावं आणि टेस्टरवर ठेवल्यावर स्वतः उभं राहून बघावं. चांगलं नोझल चर्रर्र आवाज करत धुक्यासारखं फवारतं आणि टोक कोरडं राहतं. खराब नोझल धार सोडतं, आणि थेंब टोकाला लोंबत राहतो. एवढं पाहिलं की "चारही बदलावी लागतील" यातलं खरं किती ते आपलं आपल्याला कळतं.

*

ओढ नाही म्हणून आलेल्या गाडीत इंजिनाबाहेरची एक गोष्ट मी हमखास बघायला सांगतो. एकाने सीटवर बसून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली पंपाचा लिव्हर बघायचा. तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का? वायर ताणली गेलेली असते, नाहीतर पायाखाली चिखलासाठी टाकलेली जाड मॅट पेडलच्या आड येते. पेडल पाऊणच जातं आणि बिचाऱ्या पंपाला दोष मिळतो.

मग चाकं. मागचा एक्सल जॅकवर घ्यायचा आणि चाक हाताने फिरवायचं. ब्रेक धरलेला असेल तर तिथेच कळतं. टायरमध्ये हवा किती आहे बघायचं. क्लच घसरतोय का बघायचं: चढणीला इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच गेला. यातल्या कशाचाच इंजिनाशी संबंध नाही.

*

"थर्मोस्टॅट काढून टाकला, आता गाडी कधीच गरम होणार नाही." हे अभिमानाने सांगणारे ड्रायव्हर आहेत आणि काढून देणारी गॅरेजंही आहेत. गाडी गरम होत नाही हे खरंच, पण ती नीट तापतच नाही. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, अ‍ॅव्हरेज पडतं, सिलिंडर लवकर घासतात. गाडी तापत असेल तर रेडिएटरची जाळी चिखलाने बुजलीय का, पंखा फिरतोय का, बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसलेत का, हे बघावं. रेडिएटरमध्ये कूलंट घालावं, बोअरचं पाणी नव्हे. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडू नये. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात भाजतो.

*

फॅन बेल्टला आपण नुसता 'पट्टा' म्हणतो आणि विसरतो. अशा बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, आणि ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम तिथून मिळतो. म्हणजे त्या एका पट्ट्यावर बॅटरीचं चार्जिंग, वॉटर पंप आणि ब्रेकची मदत, तिन्ही चालतात. माळशेज भरल्या गाडीने उतरताना पट्टा तुटला तर बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन ब्रेक मिळतात. मग पेडल दगडासारखं लागतं.

दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण सेंटिमीटरभर दबावा. आतली बाजू उलटी करून चिरा बघाव्यात. एक जादा पट्टा सीटमागे असावा, आणि तो बसवायला लागणारा पानाही.

*

ऑइल. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. काजळी पोटात घेणं हे ऑइलचं कामच आहे. घाबरायचं ते दोन गोष्टींना. गेज काढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. आणि ऑइलची पातळी न भरताच वाढलेली असेल, वासही डिझेलचा येत असेल, तर डिझेल खाली झिरपतंय. दोन्हींत गाडी तिथेच थांबवायची. ग्रेड पुस्तकात असेल ती, साधारण १५डब्ल्यू-४०. ऑइल बदललं की फिल्टरही बदलायचा. नव्या ऑइलला जुना फिल्टर ठेवण्यातली काटकसर मला कधी कळलेली नाही.

*

आता पंप. जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू आत फिरवला की गाडी पहिल्या दिवशी खरंच ओढते. चढणीला एक गिअर वाचतो. मालक मिस्त्रीची तारीफ करतो. पण हवा तेवढीच आहे, जादा डिझेल जळणार कशाने? ते काळा धूर होऊन जातं, पिस्टनचं डोकं तापतं, काजळी ऑइलमध्ये उतरते. ज्याने सुरुवातीला एअर फिल्टरचे पैसे वाचवले, तो आता टाकीमागून टाकी डिझेल धुरात घालवतो.

पंप खरोखरच झिजला असेल तर तो काढून, कॅलिब्रेशनचं मशीन असलेल्या पंपवाल्याकडे न्यावा. चारही सिलिंडरना सारखं डिझेल जातंय का हे कानाने कळत नाही, काचेच्या नळ्यांतच कळतं. काढण्याआधी पंप आणि इंजिन यांच्यावर पंचने आमनेसामने खूण करावी. ती नसेल तर बसवताना टाइमिंगचा अंदाज चालू होतो, आणि अंदाजावर चालणारी गाडी ठकठकते.

*

पीयूसी. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, आणि सर्टिफिकेट सहा महिन्यांचं. पिकअप व्यावसायिक गाडी असल्याने पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, पुढे दरवर्षी. काही जण पासिंगच्या आदल्या दिवशी पंपाचा तो स्क्रू बाहेर काढतात आणि परत आल्यावर आत घालतात. म्हणजे बरोबर जागा कुठली ते त्यांना ठाऊक असतं. तिथेच राहू द्यावा.

*

गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठला पार्ट कुठून घेतला. जुनी पिकअप विकताना गिऱ्हाईक नव्या रंगापेक्षा अशी वही बघून लवकर तयार होतं.

आणि काढलेलं जळकं ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जळकं ऑइल विकत घेणाऱ्याला द्या. त्याचे पैसे येतात.